नागलीच्या प्रथिनाची भावकी

पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळच्या वरकस उतारांवर पिकणाऱ्या नागलीच्या दाण्यात १२२ अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन असते. ते दोन पाचक एन्झाइमांना अडवते. एक अमायलेज, जे स्टार्च तोडते. दुसरे ट्रिप्सिन, जे प्रथिने तोडते. मोखाडा-जव्हारकडची नागली म्हणजेच दक्षिण कोकणातली नाचणी आणि कर्नाटकातली रागी. कर्नाटकातल्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयाचे बी. शिवराज आणि टी. एन. पट्टाबिरामन यांनी हे प्रथिन शुद्ध करून त्याचे गुणधर्म १९८१ साली ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, म्हणून जगाच्या दप्तरी ते रागीच्या नावाने लागले. प्रथिन तोडणारी एन्झाइमे आणि त्यांचे रोधक यांची ‘मेरॉप्स’ नावाची आंतरराष्ट्रीय सूची आहे. तिच्यातल्या ‘आय-६’ या कुळाचे नमुना-प्रथिन हेच. गहू, बार्ली आणि मका यांतली त्याच जातकुळीची रोधके नागलीच्या प्रथिनाशी ताडून पाहूनच या कुळात घेतली जातात.

यावरून हे वर्गीकरण सरळ दिसते, पण ते तसे नाही. या एकाच रेणूला सूची बदलली की वेगळी भावकी मिळते. ‘मेरॉप्स’मध्ये तो रोधक आहे. अमिनो आम्लांच्या क्रमावर चालणाऱ्या ‘पीफॅम’मध्ये तो ज्या कुळात आहे, त्या कुळात रोधकांबरोबर बियांतली साठवणीची प्रथिने आणि मेद वाहणारी प्रथिनेही बसतात. घडणीवर चालणाऱ्या ‘स्कॉप’मध्ये चार नागमोडी सर्पिलांची लहान प्रथिने म्हणून हीच मंडळी एकत्र येतात. क्रम, घडण आणि काम हे तीन निकष आहेत आणि वनस्पती-प्रथिनांच्या अभ्यासात त्यांची उत्तरे वारंवार एकमेकांशी भांडली आहेत. हे भांडण कोठवर आले आहे, हा या लेखाचा विषय. माझे मत आधीच सांगतो: कुळ ठरवावे वंशावरून, आणि कामाची नोंद वेगळ्या रकान्यात, तीही परीक्षानळीतला पुरावा हाती आल्यावरच करावी.

या तिन्ही निकषांच्या आधी चौथाच एक निकष होता: प्रथिन कशात विरघळते? अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोगकेंद्रात टॉमस ऑस्बोर्न यांनी आयुष्यभर बियांची प्रथिने वेगळी केली आणि १९०९ च्या ‘द व्हेजिटेबल प्रोटीन्स’ या पुस्तकात त्यांचे चार गट मांडले. पाण्यात विरघळणारी ती अल्ब्युमिने, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिने, अल्कोहोलात उतरणारी प्रोलॅमिने, आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीखेरीज दाद न देणारी ग्लुटेलिने. आहारशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही हीच चौकट वापरतात. कामापुरती ती ठीक आहे, पण नातेसंबंध तिच्यातून कळत नाहीत. भातच घ्या. भाताच्या दाण्यातल्या मुख्य साठवण-प्रथिनाला ग्लुटेलिन म्हणत आले. १९८० च्या दशकात त्याचा क्रम हाती आला तेव्हा दिसले की ते वाटाणा-सोयाबीनच्या ११-एस ग्लोब्युलिनांचे सख्खे भावंड आहे; फक्त मिठाच्या पाण्यात विरघळत नाही, इतकेच. गव्हाच्या ग्लुटेलिनांशी त्याचा वंश जुळत नाही. एका गटात घातलेली दोन प्रथिने परकी निघाली आणि दोन गटांत विभागलेली दोन भावंडे निघाली.

क्रमाचे युग सुरू झाले ते फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात इन्शुलिनमधली अमिनो आम्लांची ओळ पूर्ण वाचली तेव्हा. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली प्रथिन-क्रमांचा पहिला ‘अ‍ॅटलस’ काढला. त्यात अवघी ६५ प्रथिने होती. प्रथिनांची कुळे आणि महाकुळे ही कल्पनाही त्यांचीच. १९९० मध्ये ‘ब्लास्ट’ हा शोधकार्यक्रम आला आणि नव्या क्रमाची जुन्या क्रमांशी तुलना मिनिटांत होऊ लागली. १९९७ मध्ये ‘पीफॅम’ची मांडणी प्रसिद्ध झाली. तिने दोन-दोन क्रम जुळवण्याऐवजी अख्ख्या कुळाचा एक सांख्यिकी नमुना बांधला आणि नवा उमेदवार त्यावर ताडून पाहण्याची पद्धत रूढ केली. आता ‘पीफॅम’ ‘इंटरप्रो’ या सामायिक संकेतस्थळात सामावली आहे.

क्रमाची रीत बळकट आहे, पण तिला एक धूसर पट्टा आहे. दोन प्रथिनांत ३५ टक्क्यांहून अधिक अमिनो आम्ले एकाच जागी सारखी असली तर नाते जवळपास पक्के समजावे. २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान काहीही निघू शकते. त्याखाली नुसत्या क्रमावरून बोलणे धाडसाचे. काही कुळांत तर आकडे संकेताने ठरवून घेतले आहेत: सायटोक्रोम पी-४५० या अवाढव्य गटात ४० टक्के साम्य असेल तर कुळ एक, ५५ टक्के असेल तर उपकुळ एक. मोजायला सोयीचे, पण निसर्गाने कोणतीही रेघ ४० वर आखलेली नाही.

नागलीच्या बाबतीत क्रमाने केलेला सर्वांत मोठा न्यायनिवाडा मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात कांपोस आणि रिचर्डसन यांनी १९८३ साली नागलीच्या या दुहेरी रोधकाचा संपूर्ण क्रम लावला. पुढच्याच वर्षी त्यांनी नागलीतल्या आणखी एका प्रथिनाचा क्रम प्रसिद्ध केला. ते आकाराने लहान, ९५ अमिनो आम्लांचे. त्याचे नाव ठेवले ‘अल्फा-अमायलेज रोधक आय-२’. त्याच सुमारास बार्लीतल्या तशाच एका प्रथिनालाही ‘संभाव्य अमायलेज-प्रोटीएज रोधक’ असे नाव मिळाले होते. १९८९ मध्ये बर्नहार्ड आणि सॉमरव्हिल यांनी ही दोन्ही प्रथिने मेद वाहणाऱ्या प्रथिनांशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष काढला की बार्लीचे आणि नागलीचे हे दोन्ही तथाकथित रोधक म्हणजे फॉस्फोलिपिड वाहणारी प्रथिनेच आहेत. नागलीच्या ‘आय-२’ची नोंद आज मेद-वाहक प्रथिन म्हणून सापडते, ‘रोधक’ हे जुने नाव पर्यायी नावांत उरले आहे.

म्हणजे एका दाण्यातली दोन प्रथिने, दोघांना ‘अमायलेज रोधक’ म्हटलेले. पहिले खरोखर रोधक, दुसरे मेद-वाहकांच्या घरातले. आणि गंमत अशी की पुढे पाहिले तर दोघे दूरचे नातलग निघतात. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड केंद्राच्या क्राइस, श्युरी आणि सहकाऱ्यांनी १९८५ सालीच दाखवले होते की धान्यांची प्रोलॅमिने, मोहरी-एरंडासारख्या बियांतली २-एस अल्ब्युमिने आणि धान्यांतले ट्रिप्सिन-अमायलेज रोधक यांच्या क्रमांत काही समान तुकडे आहेत. पुढे मेद-वाहकही या गोतावळ्यात आले. सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या आठ जागांचा ठरावीक आराखडा ही या महाकुळाची खूण. आपल्या नागलीच्या रोधकात १० सिस्टीन आहेत आणि ते जोडीजोडीने पाच गंधक-बंध बांधतात. रेणू उष्णतेला आणि आम्लाला सहसा बधत नाही तो त्यामुळे.

मेद-वाहक हे नावही निर्वेध नाही. परीक्षानळीत ही प्रथिने एका पटलावरून दुसऱ्या पटलावर मेद नेऊन ठेवतात, म्हणून ते नाव. पण वनस्पतीत ती पेशीच्या बाहेर स्रवतात, पानाच्या मेणचट आवरणाशी आणि बुरशीपासूनच्या बचावाशी त्यांचा संबंध जोडला गेला आहे. पेशीच्या आतल्या पटलांमधली ने-आण हे मूळ मानलेले काम त्यांच्या वाट्याला येईल असे वाटत नाही. नाव मात्र टिकले.

घडणीचा निकष क्रमाच्या धूसर पट्ट्यात दिवा लावतो. चोथिया आणि लेस्क यांनी १९८६ मध्ये दाखवले की उत्क्रांतीत क्रम जितक्या वेगाने बदलतो तितक्या वेगाने आकार बदलत नाही. १९९५ मध्ये मुर्झिन, ब्रेनर, हबर्ड आणि चोथिया यांनी ‘स्कॉप’ ही आकारांची वंशावळ मांडली. त्याच वर्षी श्ट्रोब्ल आणि सहकाऱ्यांनी नागलीच्या रोधकाचा त्रिमितीय आकार चुंबकीय अनुनादाने सोडवला. वर-खाली जाणारे चार सर्पिल, शेजारी एक छोटी पट्टी. १९९८ मध्ये, नोबेल मानकरी रॉबर्ट ह्यूबर यांचा सहभाग असलेल्या गटाने त्याचा पिठातल्या पिवळ्या अळीच्या अमायलेजशी झालेला जोड स्फटिकात पाहिला. २००० साली टी. पी. सिंग यांच्या दिल्लीतल्या गटाने सुट्या रोधकाचा स्फटिक-आकार दिला.

तो जोड जवळून पाहण्यासारखा आहे. ट्रिप्सिनला अडवणारा भाग म्हणजे एक वाकलेला फास; त्यावरचे ३४ व्या क्रमांकाचे आर्जिनिन ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन बसते. अमायलेजला अडवणारा भाग रेणूच्या दुसऱ्याच बाजूला आहे. ते आहे साखळीचे अगदी सुरुवातीचे मोकळे टोक. सुट्या रेणूत ते इकडेतिकडे लवचिकपणे हलत असते. अमायलेज समोर आले की त्याला आकार येतो आणि ते एन्झाइमच्या तोंडात शिरून वाट बुजवते. दोन्ही जागा एकमेकांपासून स्वतंत्र. एक रेणू एकाच वेळी दोन्ही एन्झाइमांना धरू शकतो. ‘एक प्रथिन, एक काम’ असा रकाना आखून बसलेल्या कोणत्याही सूचीला हे प्रथिन त्रास देणारच.

आकार पाहिल्यावर काही अनपेक्षित नाती उघड होतात. सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक मोझेस कुनित्झ यांनी १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपात मिळवला. त्याच्या कुळाला कुनित्झ कुळ म्हणतात, पांगाऱ्याच्या जातभाईंच्या बियांतही ते आहे. या रोधकांचा आकार तीन पाकळ्यांचा. एरंडाचे विष रिसिन आणि गुंजेचे विष अ‍ॅब्रिन यांच्या दोन साखळ्यांपैकी साखरेला चिकटणारी साखळी याच तीन पाकळ्यांच्या घडीची आहे, आणि माणसाच्या शरीरातले इंटरल्यूकिन-१ देखील. क्रमात साम्य जवळजवळ नाही; काम तर तीन दिशांना. हे खरोखर एकाच पूर्वजाचे वंशज की ही घडी इतकी सोपी आणि टिकाऊ आहे की ती पुन्हा पुन्हा स्वतंत्रपणे जुळली? तज्ज्ञांत एकमत नाही, आणि मला वाटते, नुसत्या आकारावर ते होणारही नाही. ११-एस आणि ७-एस साठवण-प्रथिनांच्या बाबतीत मात्र वंश बऱ्यापैकी पक्का झाला. गव्हाच्या अंकुरातले ऑक्झलेट तोडणारे एन्झाइम आणि डाळींतली साठवणीची प्रथिने एकाच पिंपासारख्या घडीची आहेत. जिम डनवेल यांनी १९९८ मध्ये या महाकुळाला ‘क्युपिन’ नाव दिले. उडीद-तुरीच्या डाळीतले प्रथिन एका जुन्या एन्झाइमाच्या घराण्यातले निघाले.

आता कामाकडे वळू. तीनही निकषांत कामाचा निकष सर्वांत मोहक, कारण वाचकाला तोच हवा असतो. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने एन्झाइमांना त्यांच्या रासायनिक क्रियेवरून चार आकड्यांचे क्रमांक दिले. ते आजही चालतात. पण ती क्रियांची यादी आहे, वंशावळ नव्हे. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली प्रथिने तीच क्रिया करत असतील तर त्यांना एकच क्रमांक मिळतो. शिवाय रोधकांना त्या यादीत जागाच नाही.

अमायलेज रोधकांचे उदाहरण आपल्या घरच्याच डब्यांतून घेता येते. नागलीचा रोधक चार सर्पिलांचा. राजगिऱ्याचा रोधक केवळ ३२ अमिनो आम्लांचा. तीन गंधक-बंधांची एक घट्ट गाठ, तिला नॉटिन म्हणतात. ज्वारीचे रोधक, ज्यांचा क्रम ब्लॉक आणि रिचर्डसन यांनी १९९१ मध्ये दिला, गव्हातल्या बुरशीविरोधी गॅमा-थायोनिनांच्या जातीचे. राजम्याचा रोधक साखरेला चिकटणाऱ्या लेक्टिनांचा भाऊ, पण साखरेला चिकटण्याची शक्ती गमावलेला. बार्लीत एक रोधक कुनित्झ कुळातला आहे. मक्यातला थॉमॅटिनाच्या कुळातला. थॉमॅटिन हे आफ्रिकेतल्या एका फळातले अत्यंत गोड प्रथिन आणि रिचर्डसन यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे नाते दाखवले तेव्हा ते सगळ्यांनाच चकित करणारे होते. सहा पिके, सहा वेगवेगळी घराणी, काम एकच: अमायलेजला अडवणे. निसर्गाने हा धंदा निदान सहा वेळा स्वतंत्रपणे उभा केला आहे.

उलट दिशेने पाहिले तर एकाच घरात अनेक धंदे. आडनाव कुलकर्णी असले म्हणजे माणूस आज गावाचे दप्तर लिहितो असे कोणी समजत नाही. प्रथिनांच्या बाबतीत मात्र शिकलेले लोकही नेमके हेच समजतात. चार सर्पिलांच्या महाकुळात रोधक, साठवण, मेद-वाहन आणि प्रोलॅमिने आहेत. राजम्याच्या लेक्टिन घरात लेक्टिन, अमायलेज रोधक आणि भुंगेऱ्यांना प्रतिकार करणारे आर्सेलिन ही तिन्ही भावंडे. आर्सेलिन फक्त काही जंगली राजम्यांत सापडते.

या बाबतीत ‘मेरॉप्स’ची रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नील रॉलिंग्ज आणि ॲलन बॅरेट यांनी ती १९९३ मध्ये एन्झाइमांसाठी सुरू केली आणि २००४ मध्ये रोधकांना लागू केली. काय अडवले जाते हे बाजूला ठेवून त्यांनी क्रमांच्या साम्यावर ४८ कुळे पाडली, आणि जिथे त्रिमितीय आकार हाती होता तिथे त्या कुळांची मोठी घराणी लावली. काम ही प्रत्येक सदस्याची स्वतंत्र नोंद राहिली. या पद्धतीमुळे ‘रोधक’ हा शब्द कुळाचे नाव न राहता कामाचे वर्णन उरतो.

कुळीथ हे आपल्याकडचे दुसरे पीक या रीतीत सुंदर बसते. कुळथातला रोधक ७६ अमिनो आम्लांचा आणि बोमन-बर्क कुळातला. या कुळाला दोन डोकी असतात, बहुधा एक ट्रिप्सिनसाठी आणि एक कायमोट्रिप्सिनसाठी. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या ललिता गौडा आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एम. आर. एन. मूर्ती यांच्या गटाने १९९६ मध्ये या कुळातल्या अनेक क्रमांची तुलना प्रसिद्ध केली. द्विदल वनस्पतींत दोन डोक्यांचा रेणू. भात-गव्हासारख्या एकदलांत एक डोके निकामी झालेले, आणि पुढे तोच तुकडा दुप्पट होऊन मोठा रेणू बनलेला. काम हरवते, परत येते, जागा बदलते, कुळ टिकते.

सूर्यमाळच्या जंगलातले कंदही या चर्चेत येतात. पावसाळ्यात वारली, कातकरी, ठाकर घरांत जे रानकंद शिजतात त्यांतले बरेच डायोस्कोरिया प्रजातीचे. कडू कंद काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खातात, आणि तो कडवटपणा प्रथिनाचा नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण या कंदांचे मुख्य साठवण-प्रथिन डायोस्कोरिन, आणि त्याचा क्रम १९९५ मध्ये हाती आला तेव्हा तो कार्बनिक अ‍ॅनहायड्रेजशी जुळला. कार्बन डायऑक्साइडचा पाण्याशी संयोग घडवणारे हे एन्झाइम आपल्या लाल पेशींतही आहे. तैवानमधल्या गटाला डायोस्कोरिनात ते काम दिसले, शिवाय ट्रिप्सिन रोधनही. जपानी कंदांवर काम करणाऱ्यांना साखरेला चिकटण्याची वृत्ती दिसली. मग त्याला काय म्हणायचे: साठवण, एन्झाइम, रोधक की लेक्टिन? वंशावरून उत्तर एकच आहे, ते कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज घराण्यातले. बाकीच्या चारही नोंदी जाती-जातीनुसार बदलणाऱ्या आहेत आणि त्या तशाच नोंदवायला हव्यात.

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत भरीव काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले आहे. घाटेअळी हरभऱ्यावर इतकी माजते कशी, या प्रश्नातून विद्या गुप्ता, वासंती देशपांडे, प्रभाकर रांजेकर, अशोक गिरी आणि सहकारी रोधकांकडे वळले. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की हरभऱ्याच्या स्वतःच्या रोधकांनाच घाटेअळीच्या पोटातली एन्झाइमे तोडून टाकतात. १९९९ मध्ये त्यांनी मग अळीच्या नेहमीच्या आहारात नसलेल्या पिकांकडे पाहिले: भुईमूग, चौधारी शेंग, बटाटा. त्यांचे रोधक अळीला भारी पडतात, पण एकच रोधक सतत मिळाला तर अळी पोटातल्या एन्झाइमांचा संच बदलते, म्हणून रोधक आलटून पालटून द्यावे लागतात. पुढे मिरचीतल्या पिन-२ कुळाचा अभ्यास झाला. त्यात सुमारे ५० अमिनो आम्लांचा एकच घटक कुठे एकदा, कुठे दोनदा, कुठे चारदा सलग जोडलेला मिळतो, आणि प्रत्येक आवृत्तीत फासावरचे एक-दोन अमिनो आम्ल बदललेले असते. कुळाच्या नावावरून कोणती अळी अडेल हे सांगता येत नाही. ते त्या एक-दोन अमिनो आम्लांवर ठरते. वर्गीकरणाला इथे मर्यादा आहे, आणि शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट त्या मर्यादेच्या पलीकडे सुरू होते.

ही चर्चा केवळ प्रयोगशाळेची वाटत असेल तर दोन घटना आठवाव्यात. सोयाबीनला मेथिओनिन कमी पडते म्हणून एका अमेरिकी कंपनीने त्यात ब्राझील नटचे २-एस अल्ब्युमिन घातले. १९९६ मध्ये निष्पन्न झाले की ब्राझील नटची ॲलर्जी असणाऱ्यांना तेच प्रथिन बाधते, आणि तो वाण सोडून द्यावा लागला. २-एस अल्ब्युमिने नागलीच्या रोधकाच्याच महाकुळातली आहेत. मोहरी आणि तिळाची ॲलर्जी पुष्कळदा त्यांच्यावरच येते. दुसरी घटना ऑस्ट्रेलियाची: राजम्याचा अमायलेज रोधक वाटाण्यात घातला, भुंगेरे आटोक्यात आले, पण २००५ मध्ये उंदरांवरच्या चाचणीत वाटाण्यातल्या त्या रोधकाला प्रतिकार-प्रतिक्रिया दिसली आणि प्रकल्प थांबवला गेला. पुढच्या काळात त्या निष्कर्षावर वाद झाला. पण तोच क्रम, दुसरी वनस्पती आणि वागणूक वेगळी असू शकते, हा मुद्दा त्यातून पुढे आला. आज नव्या प्रथिनाची ॲलर्जी-तपासणी करताना ८० अमिनो आम्लांच्या पट्ट्यात ज्ञात ॲलर्जीकारकाशी ३५ टक्के साम्य आहे का हे पाहतात. तो वंशाचा निकष आहे आणि तेवढ्यापुरता योग्य. पण तो अखेरचा शब्द मानला तर फसायला होते.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला नवे वळण मिळाले आहे. ‘अल्फाफोल्ड’ या संगणक-प्रणालीने २०२१ पासून प्रथिनांच्या क्रमावरून आकाराचा अंदाज देणे सर्वांसाठी खुले केले आणि २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक अंदाजी आकार उपलब्ध झाले. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा याच कामाला मिळाला. २०२३ मध्ये या आकारांची कुळे पाडली गेली तेव्हा एकाहून अधिक सदस्य असलेले सुमारे २३ लाख गट निघाले, त्यांतल्या ३१ टक्के गटांना कसलेही ज्ञात नाव वा काम नव्हते. आकार हाती असला तरी काम मात्र अज्ञात राहते, हे या आकड्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही सांगता येणार नाही.

नागलीचा पहिला जनुकसंच २०१७ मध्ये बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून प्रसिद्ध झाला, त्यात ८५ हजारांहून अधिक जनुकांचा अंदाज आहे. नागलीत दोन पूर्वज गवतांचे जनुकसंच एकत्र आलेले असल्याने हा आकडा मोठा आहे. यांतल्या बहुतेक जनुकांची नावे तुलनेने चिकटवलेली आहेत: हे भाताच्या अमुक जनुकासारखे, ते मक्याच्या तमुकसारखे. ज्या तुलनेने ‘आय-२’ची चूक सुधारली, तीच तुलना आता यंत्राच्या हाती पडून हजारो नावे वाटते आहे, आणि त्यांतली चुकीची नावे शोधायला बर्नहार्ड-सॉमरव्हिलसारखा कोणी बसलेला नाही. नागलीच्या कोणत्याही नव्या लेखात ‘अमुक रोधक सापडला’ असे वाचले की तो क्रमावरून ओळखला, अंदाजी आकारावरून ओळखला, की खरोखर एन्झाइमासमोर ठेवून पाहिला, हे वाचकाने विचारायला हवे. ‘सापडला’ म्हणावे ते फक्त शेवटच्या बाबतीत.

जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात हा प्रश्न जास्त अडतो. १९९२ च्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर या भागातली नागली कुपोषणाच्या प्रत्येक चर्चेत येते, आणि त्या चर्चेत तिची बाजू एकतर कॅल्शियमने भारावलेली असते किंवा ‘पोषण-रोधकांनी’ घाबरलेली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नागलीच्या १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे ७ ग्रॅम प्रथिने आहेत. रोधक त्या सातांपैकी फार थोडा भाग. मोड आणून सत्त्व करताना त्याची क्रिया कमी होते. कणगीत वर्षानुवर्षे टिकणारी नागली हा लोकांचा जुना अनुभव आहे. त्यात रोधकाचा वाटा असेल, पण बारीक आणि कठीण दाण्याचाही आहे; दोन्ही वेगळे मोजल्याशिवाय श्रेय कोणाला द्यायचे ते ठरत नाही.

बायफ या संस्थेने जव्हार भागात भात, नागली आणि वरईचे गावठी वाण जपण्याचे काम केले आहे, आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. वाणांच्या नोंदींत कणसाचा आकार, दाण्याचा रंग, हळवे की गरवे हे असते. तिथे आणखी दोन रकाने घालावेत, अशी माझी विनंती आहे. पीठ भिजवून अर्क काढायचा. त्यात ट्रिप्सिन घालून ‘बापना’ नावाचे बिनरंगी द्रव्य सोडायचे. ट्रिप्सिन मोकळे असेल तर द्रावण पिवळे होते, रोधक असेल तर पिवळेपणा कमी पडतो, तेवढा फरक ४१० नॅनोमीटरवर मोजायचा. दुसऱ्या नळीत तोच अर्क अमायलेज आणि स्टार्चसह ठेवून सुटलेली साखर मोजायची. यासाठी स्फटिकशास्त्र लागत नाही, अल्फाफोल्डही लागत नाही. पदव्युत्तर जैवरसायनाची प्रयोगशाळा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो, आणि पालघर-नाशिक-ठाण्याच्या महाविद्यालयांत ते आहेत. वाणाच्या नावापुढे हे दोन आकडे लिहिले गेले, तर नागलीच्या ज्या प्रथिनाच्या नावे जगभरच्या आय-६ कुळाची मांडणी होते, त्याचे स्थानिक वाणांतले प्रमाण मोजून नोंदले जाईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची यादी करणाऱ्या प्राध्यापकांनी यंदा तो विषय त्यात घालावा.